गेटपाशी बोललेलं

माझी नात ओवी ग्वाल्हेरची शाळा सोडून पुण्याला परत गेली, त्याला वर्ष होत आलं. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी मात्र अजून बाहेर पडलेले नाही. ग्रुप आईबापांचा, मी आजी. वर्ग तेव्हा तिसरीचा होता, आता चौथीचा झाला. माझं तिथे काडीचं काम नाही. तरी कुणाच्या मुलाला कांजिण्या आल्या, कुणाचा डबा दुसऱ्याच्या दप्तरात गेला, कोणत्या मॅडमनी फार गृहपाठ दिला, हे सगळं मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते. आमचे हे म्हणतात, "लोक पेपर वाचतात, तू लोकांची पोरं वाचतेस." म्हणोत बापडे. जित्याची खोड असते ती, आणि मी अजून चांगली जिती आहे.

डिसेंबर लागला की या ग्रुपला भरती येते. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, नाताळची सुट्टी तोंडावर आलेली असते, आणि मधल्या दिवसांत त्या शाळेत अभ्यास सोडून बाकी सगळं चालतं. आज सकाळीही बातम्यांची माळ आली. पहिलीची मुलं मेंढ्या होणार आहेत, तेव्हा पांढरा स्वेटर धुऊन पाठवावा. गरिबांसाठी ब्लँकेटं शुक्रवारपर्यंत घेतली जातील. केक घरून आणू नये, शाळा देईल. कॅरलच्या तालमीला टोपी चालेल, पण कान उघडे ठेवावेत, नाहीतर मुलांना सूर ऐकू येत नाही. हे शेवटचं वाचून मला हसू आलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं. सिटी सेंटर भागातल्या आमच्या बाल्कनीतून एरवी समोरच्या बँकेची पाटी दिसते. आज धुक्यात पाटी नव्हती, बँक नव्हती, रस्ताही नव्हता. नुसता एक टेम्पो कुठून तरी खोकत चालला होता.

अशाच धुक्यात गेल्या वर्षी मी रोज स्कूटी काढत होते.

आमच्यात लेक बाळंतपणाला माहेरी येते. गेल्या वर्षी आमच्याकडे लेकीऐवजी नात आली. ऋताला, म्हणजे माझ्या मुलीला, दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला पुण्यात पडून राहायला सांगितलं. प्रवास नाही, जिना नाही, काही उचलायचं नाही. तिच्या सासूबाई तिच्याजवळ राहिल्या, आणि आठ वर्षांच्या ओवीला मी पावसाळ्यात ग्वाल्हेरला घेऊन आले. लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या, बाडा चौकापासून जवळच असलेल्या सिस्टर लोकांच्या प्राथमिक शाळेनं तिला मधूनच घेतलं, याचे उपकार मी मानते. मी बँकेत जन्म काढून निवृत्त झालेली बाई, पण ख्रिस्ती शाळेच्या फाटकाच्या आत माझं पाऊल साठी उलटल्यावर पहिल्यांदा पडलं. त्यामुळे ओवीला शाळेची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच मला उत्सुकता होती. या सिस्टर लोक रात्री काय जेवतात? त्यांचा वाढदिवस कोण करतं? थंडीत त्या पांढऱ्या झग्याखाली काही गरम घालतात की नाही? मी हे सगळं ओवीला विचारी. तिला काय ठाऊक असणार!

ओवी वर्गात बोलत नसे. हिंदी तिला येत होतं, पण पुण्याचं. तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करी. मग तिनं तोंड उघडणंच बंद केलं. दिवसभराचं साठलेलं ती शाळा सुटल्यावर गेटपाशी बाहेर काढी. दप्तर पुढे अडकवताना, स्वेटरची बटणं लावताना, हेल्मेटचा पट्टा बसेपर्यंत तिची टकळी चालू असे. मी तिच्यापेक्षा काही कमी नाही. आमच्या दोघींच्या गप्पा संपेपर्यंत निम्मी शाळा घरी पोचलेली असे.

इथे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची एक सोय सांगायला हवी, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून इथे दरबारी आले, कुणी पोथी घेऊन, कुणी तलवार घेऊन. दरबार गेला, पोथ्या गेल्या, तलवारी गेल्या. भाषा तेवढी राहिली. ती आम्ही घरात बोलतो, आणि घराबाहेर लपायला वापरतो. सराफ्यात सोनाराच्या गादीवर बसून त्याच्यासमोरच "हा फसवतोय, ऊठ" असं आम्ही खुशाल मोठ्यानं म्हणतो. सवारीच्या टेम्पोत शेजारच्या बाईच्या साडीबद्दल बोलतो, दवाखान्यात डॉक्टरबद्दल. सगळं शहर हिंदी, आपलं कोणाला कळतंय! पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे ही, आणि ती लागली की माणूस बेफिकीर होतो. भिंतीलाही कान असतात म्हणे. असतील, पण आमच्या समजुतीप्रमाणे ते कान हिंदी असतात.

त्या गेटपाशी रोज एक सिस्टर उभ्या असत. सिस्टर फिलोमिना, शाळेच्या मुख्याध्यापिका. उंच, सडसडीत, करडा स्वेटर, चेहऱ्यावरची एक सुरकुती हलायची नाही. या सिस्टर केरळच्या, हे मी आपलं ठरवून टाकलं होतं, कारण शाळेतल्या दुसऱ्या दोघी तिकडच्या होत्या. गेटवर भदौरिया नावाचा झुपकेदार मिशांचा चौकीदार होता आणि मुलांना सोडायला तो एकटा पुरेसा होता. मग मुख्याध्यापिकेनं रोज सुटायच्या वेळी ऑफिस सोडून थंडीत इथे का उभं राहावं? आणि राहायचंच तर नेमकं माझ्या स्कूटीशेजारच्या खांबापाशी का? मी बरेच तर्क केले. माझं गाडी लावणं त्यांना पसंत नसावं. किंवा ओवी मधूनच आलेली, म्हणून तिच्यावर नजर असावी. पण त्या आमच्याकडे बघतही नसत, रस्त्याकडे बघत. मी "नमस्ते सिस्टर" म्हणे, त्या मान झुकवत, संपलं.

"आजी, त्या कधी हसतात का गं?" ओवी विचारी.

"रविवारी हसत असतील. बाकीचे दिवस एरंडेल घेतलेलं असतं."

हे त्यांच्यापासून दोन हातांवर, चांगल्या मोठ्या आवाजात.

डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेत टोपली फिरली. नाताळाआधीच्या दिवसांना ख्रिस्ती लोक मराठीत आगमनकाळ म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवसांत या शाळेत एक प्रथा आहे. टोपलीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. मुलं, मॅडम, सिस्टर, भदौरियासुद्धा. ज्याची चिठ्ठी तुम्हाला येईल त्याचे तुम्ही एंजल. सुट्टी लागेपर्यंत रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याला कळू न देता त्याची लहानसहान कामं करायची, आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला की समोर जाऊन सांगायचं, मी होतो म्हणून. मला हा खेळ फार आवडला. आयुष्यभर मी लोकांचं काय चाललंय ते शोधत आले, आणि इथे शोधायचं नाही असा नियमच होता. ओवीच्या स्वतःच्या एंजलनं मात्र दुसऱ्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगून टाकलं, "सुन, तेरा एंजल मैं हूँ, किसी को बताना मत." त्याच्या पोटात एवढाच वेळ राहू शकलं बिचाऱ्याच्या.

ओवीला कोण आलं हे तिनं मला गेटपाशीच सांगितलं. आधी इकडेतिकडे बघितलं. सिस्टर खांबाजवळ होत्याच.

"मराठीत सांगू?"

"मराठीतच सांग. इथे कोण समजून राहिलंय?"

"सिस्टर. ह्याच, इथे उभ्या आहेत त्या."

"अगं बाई! ह्यांना बघून तर खरा एंजलसुद्धा पळून जाईल."

ओवी हसली नाही. तिनं ते काम फार मनावर घेतलं होतं. त्या दिवसापासून आमचा सगळा कट तिथे, त्या खांबाच्या साक्षीनं शिजत गेला. पहिल्यांदा आम्ही गजक ठेवली. थंडीत बाड्यावर तीळ भाजल्याचा वास सुटतो आणि तीळ-गुळाची ताजी कुरकुरीत गजक मिळते, ती ओवीनं मधल्या सुट्टीत गुपचूप सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. दुपारी ओवी बघते तर सिस्टर ती पहिलीच्या मुलांना वाटत होत्या. स्वतः तुकडाही खाल्ला नाही. मग आम्ही रांगोळी ठरवली. सकाळी लवकर जाऊन ओवीनं ऑफिसच्या दारात ठिपक्यांची चांदणी काढली, आणि सिस्टर यायच्या आत सफाईवालीनं पोचा मारला. संध्याकाळी आमच्या देवापुढे दिवा लावताना ओवी सिस्टरांचं नाव घेऊन डोळे घट्ट मिटायची. आमच्या देवांना ही ओळख नवीन होती, पण त्यांनी काही हरकत घेतली नाही.

"त्यांना काहीच नको असतं, आजी," ती म्हणाली. "ज्यांना काहीच नको असतं त्यांचं एंजल कसं व्हायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी आता सिस्टरांकडे निराळ्या नजरेनं बघू लागले, काय कमी आहे ते शोधत. आणि मला त्यांच्या टाचा दिसल्या. डिसेंबरात ही बाई मोज्यांशिवाय चपला घालून उभी, आणि टाचांना बोट जाईल अशा भेगा.

"बघ तिच्या टाचा," मी म्हटलं. "कोकम तेल भरायला पाहिजे त्यांत."

माझी नणंद कोकणातून कोकम तेलाचे गोळे पाठवते, साबणाच्या वडीसारखे दिसणारे, घट्ट, पिवळट. त्यातला एक ओवीनं कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. ठेवून झाल्यावर आम्हाला घोर लागला. या मुलखात कोकम कोणाला माहीत! साबण समजून अंगाला लावतील, नाहीतर मेणबत्ती समजून वात शोधत बसतील. वर लिहून ठेवावं तर अक्षर ओळखलं जाणार. आम्ही रोज टाचांवर नजर ठेवून होतो. आणि काय नवल, आठवड्याभरात भेगा भरून आल्या! आता हा गोळा तापवायचा, वितळवायचा, रात्री निजताना भेगांत सोडायचा, हे या बाईला सांगितलं कुणी? मला चैन पडेना.

"केरळातसुद्धा लावत असतील का गं कोकम?" मी गेटपाशी ओवीला विचारलं.

सिस्टरांनी एकदम तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं, थंडी बाधली.

त्याच सुमारास शाळेच्या व्हरांड्यात गोठा मांडला गेला. खरा पेंढा, मातीच्या गाई, कापसाच्या मेंढ्या, योसेफ, मरिया, आणि मधोमध गव्हाण. पालकांना बघायला आत सोडलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी आत होते. गव्हाण रिकामी होती. मी भदौरियाला विचारलं की मूर्ती फुटली की काय. त्याला ठाऊक नव्हतं, पण ओवीनं चौकशी केली होती.

"बाळ चोवीस तारखेच्या रात्री ठेवतात. तोपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची." ती जरा वेळ गव्हाणीकडे बघत राहिली. "इथेपण सगळे बाळाचीच वाट बघतायत."

मी हसले तेव्हा. आपल्या नातीचं बोलणं म्हणून घरी येऊन ह्यांना सांगितलंही.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. ऋताला मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी देवाजवळ साखर ठेवली, कॉलनीत पेढे वाटले. शाळेला नाताळची सुट्टी लागली की मी ओवीला घेऊन पुण्याला जायचं, पुढची शाळा तिनं तिकडेच करायची, असं ठरलं आणि तिकिटंही निघाली. ओवीनं बातमी ऐकली, "बरं" म्हणाली, आणि चित्राच्या वहीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी गेटपाशी हेल्मेटचा पट्टा लावताना तिनं विचारलं, "आई म्हणाली होती ना, तू आजीकडे गेलीस की मला आराम मिळेल?"

"हो गं."

"मिळाला ना? बाळसुद्धा नीट आलं." तिचा आवाज अगदी साधा होता, गणित सोडवून दाखवावं तसा. "म्हणजे मी नसले की सगळं बरं चालतं."

  "वेडी आहेस का? चल, बैस, उशीर होऊन राहिलाय," एवढंच मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. रस्ताभर माझा जीव तुटत होता. घरी गेल्यावर मी तिला जवळ घेतलं, समजावलं, आईशी बोलायला लावलं. ती सगळ्याला मान डोलावत होती. पण आपल्याच माणसांनी समजावलेलं मुलांना खरं वाटत नाही, कारण समजावणं हे आपलं कामच असतं. एंजलचं काम तिनं एवढं का मनावर घेतलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. कुणाला तरी आपल्यामुळे बरं वाटलं, एवढं तिला या गावातून घेऊन जायचं होतं, आणि नशिबानं तिच्या वाट्याला अशी बाई आली होती जिला काही नको होतं.

शेवटच्या दिवसाची ओवी वाट बघत होती. आणि आमच्याकडे शेवटचा दिवस कलेक्टर साहेबांच्या हातात असतो. थंडीची लाट आली की संध्याकाळी आदेश निघतो, लहान वर्गांच्या शाळा बंद. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तसा आदेश आला. मेंढ्या, देवदूत, कॅरल, केक, सगळं रद्द. शाळा आता जानेवारीत. शहरातली यच्चयावत पोरं नाचली असतील. ओवी स्वेटरसकट पलंगावर बसून रडली.

"म्हणजे मी त्यांना सांगायचंच नाही? आपली गाडी परवा आहे."

"फोन करू या."

"एंजल फोन करतो का, आजी!"

हेही खरं होतं. सकाळी मी स्कूटी काढली. रस्त्यावर हातभर पुढचं दिसत नव्हतं, टेम्पोवाले अंदाजानं भोंगे वाजवत होते. बाड्यावर मी विचारलं, "गजक घ्यायची?"

"त्या वाटून टाकतात. काही नको. नुसतं सांगायचं, मी होते म्हणून."

गेटवर भदौरिया शेकोटी पेटवून बसला होता. "अम्माजी, छुट्टी है! कलेक्टर साहब का ऑर्डर है. बिटिया को इत्ती ठंड में काहे ले आईं?"

"भैया, सिस्टर से दो मिनट का काम है," मी म्हटलं, आणि तो नको म्हणायच्या आत आम्ही आत शिरलो.

सिस्टर व्हरांड्यात गोठ्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या. न झालेल्या कार्यक्रमाचे मेंढ्यांचे कान एकावर एक रचून पिशवीत भरत होत्या. मी हिंदीत सुरुवात केली, "सिस्टर, हम लोग पूना जा रहे हैं, ये बच्ची अब वहीं पढ़ेगी. जाने से पहले आपसे कुछ कहना चाहती है." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि ओवीकडे वळल्या. ओवीचं सगळं हिंदी गोठलं. तिनं माझी शाल ओढली.

"आजी, तू सांग ना. माझ्याकडून होत नाहीये."

"तूच सांग," सिस्टर म्हणाल्या. "मराठीत सांग. मला कळतं."

मी आधी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग पावसाळ्यापासून त्या खांबापाशी मी जे-जे बोलले होते ते ओळीनं डोळ्यांसमोरून गेलं, आणि धरणी दुभंगेल तर बरं असं मला झालं.

"मी वसईची," त्या म्हणाल्या. बोलणं स्वच्छ, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं, फक्त वाक्याच्या शेवटी जरासा हेल. "आमच्याकडे घरात मराठीच. कोकम तेलसुद्धा घरात असायचं."

"सिस्टर, ते एरंडेलाचं मी जे म्हणाले..."

"माझी आई पण माझ्या तोंडाबद्दल तेच म्हणायची."

त्या हसल्या. रविवार नव्हता तरी हसल्या. मला हायसं वाटलं, पण ओवीचा चेहरा पडला होता.

"म्हणजे मी तुमची एंजल आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग सगळं फुकटच गेलं." ती बोटांवर मोजू लागली. "रांगोळी पुसली गेली, गजक तुम्ही वाटलीत, गुपितसुद्धा राहिलं नाही. माझ्याकडून काहीच नाही झालं."

 मग सिस्टरांनी सांगितलं ते मला सांगत होत्या की ओवीला, कळेना. वसई सोडली तेव्हा त्या अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. मग इकडचीच गावं, एकामागून एक. बरोबरच्या सिस्टर केरळच्या, झारखंडच्या. आपसात हिंदी, प्रार्थना इंग्रजीत. आई होती तोवर रविवारी फोनवर मराठी होती. आई गेली. भाऊ फोन करतात, बरी आहेस ना विचारतात, ठेवतात. "आणि पावसाळ्यात एक दिवस मी गेटजवळून जात होते, तर तू आजीला सांगत होतीस की डब्यातली पोळी वातड झाली होती. वातड! हा शब्द मी किती वर्षांत ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आले."

"पण मग सांगायचं नाही का हो?" मला राहवेना. "आम्ही घरी जेवायला बोलावलं असतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी नीट बोलला असता," त्या म्हणाल्या. "सिस्टर, कशा आहात, बऱ्या आहात. तसं माझ्याशी सगळेच बोलतात. मला तुमचं दोघींचं आपसातलं बोलणं हवं होतं."

मग त्यांनी ओवीचे दोन्ही हात हातात घेतले. "मधे तुला ताप आला होता, आठवतं? तेव्हाही मी रोज गेटवर येत होते. स्कूटी नाही, तू नाहीस. ओवी, तू नव्हतीस तर मला करमलं नाही."

हे ऐकलं आणि मला कळलं की ओवी 'मी नसले की सगळं बरं चालतं' म्हणाली, तेव्हाही ही बाई दोन हातांवर उभी होती. मला सुचलं नव्हतं ते उत्तर तिनं त्या दिवसापासून जवळ ठेवलं असलं पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं आलं असं मी सांगू शकले असते, पण तिथे कुणी विचारलं नाही.

यंदा ओवी इथे नाही, तरी दर गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी मी गेटपाशी जाते. भदौरिया विचारतो, "अम्माजी, अब किसको लेने आती हो?" मी सांगते, "सिस्टर को." सुरुवातीला आमचं जमेना. त्यांना कळतं हे मला कळलेलं, त्यामुळे मी भाजीच्या भावाबद्दलसुद्धा जपून बोलू लागले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा होऊ लागला. मला प्रश्न पडला, की सवयीनं आलेला मोकळेपणा मुद्दाम आणता येतो का? शेवटी एक दिवस न राहवून मी म्हटलं, "तो करडा स्वेटर आता पायपुसण्याला द्या हो." त्यांनी उलट माझ्या गाडी चालवण्याचा उद्धार केला. तेव्हापासून बरं चाललं आहे. कॅरलच्या तालमीत कान उघडे ठेवा, हा निरोप त्यांनीच लिहिला असणार, गुरुवारी विचारीन.

त्या सकाळी मात्र ओवी बराच वेळ सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"खरंच नाही करमलं?"

"खरंच. मी सिस्टर आहे, खोटं कशाला बोलू?" त्या बाकावर जरा सरकल्या, तिला जागा केली. "आता तू जाणार. जायच्या आधी थोडं बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आजीला सांगतेस तसं."

ओवीनं माझ्याकडे बघितलं, मग बाकावर चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन-तीनदा तोंड उघडून मिटलं, आणि मग म्हणाली, "मला भाऊ झालाय."

हे ती आपण होऊन पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. सिस्टर "हो का?" म्हणाल्या, आणि मग धरण फुटलं. तो कसा रडतो, त्याचं नाव काय ठेवायचं, तिची कोणती खेळणी त्याला द्यायची आणि कोणती मुळीच नाही, तिच्याशिवाय त्याला कोणी कसं खेळवू शकणार नाही. "आणि त्याला खूप केस आहेत," ती हातवारे करून सांगत होती, "काळे, दाट, अगदी माझ्यासारखे." पुण्याहून आलेला एकही फोटो तोवर तिनं धड बघितला नव्हता. मी सगळे बघितले होते, मोठे करून करून बघितले होते. पोराच्या डोक्यावर एक केस नव्हता, चक्क टक्कल होतं. दुसऱ्याचं वाक्य मधेच दुरुस्त केल्याशिवाय ज्या बाईला आजवर घास उतरला नाही, ती मी, त्या थंडीत शालीचा पदर तोंडात धरून उभी राहिले, आणि ओवी बोलत राहिली.